शाळेतल्या मुलीने मागितलेले बक्षीस

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुण्यातल्या आपल्या वस्त्यांमधून आनंदाचा एक हंगाम सुरू होतो. ताडीवाला रोड असो, येरवडा असो, दापोडी-बोपोडी असो की मंगळवार पेठ असो, विहारासमोर छोटासा मांडव पडतो. तथागतांच्या आणि विश्वभूषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमांना पुष्पहार घातले जातात, त्रिशरण-पंचशील होते आणि मग सुरू होतो गुणवंत विद्यार्थ्यांचा गुणगौरव. धुणीभांडी करणारी आई त्या दिवशी चार घरच्या कामाचा खाडा करून पहिल्या रांगेत बसलेली असते. बाप मागे उभा असतो, कारण त्याला रडू आवरत नाही हे त्याला ठाऊक असते. निवेदक नाव पुकारतो, टक्के पुकारतो. मुलगी व्यासपीठावर येते, एक दप्तर, एक ट्रॉफी, एक गुलाबाचे फूल, एक फोटो. टाळ्या. पुढचे नाव.

आम्ही या समारंभांची थट्टा करीत नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे पाटीला हात लावू दिला नाही, त्या समाजाच्या लेकीच्या नावापुढे ब्याऐंशी टक्के पुकारले जातात तेव्हा आमचाही ऊर भरून येतो. पण गेली अनेक वर्षे असे समारंभ पाहताना एक गोष्ट आमच्या मनाला टोचत राहिली आहे. व्यासपीठावर आलेल्या मुलीला बोलू कोणी देत नाही. पाहुणे तासभर बोलतात, मंडळाचे अध्यक्ष बोलतात, नगरसेवक उशिरा येऊन लवकर बोलून जातात. जिच्यासाठी हा सगळा घाट, ती अर्ध्या मिनिटात खाली उतरते. बाळ, तू काय वाचतेस? काय लिहितेस? तुझा एखादा निबंध आणला आहेस का? हे विचारायला वेळ नसतो.

असे का व्हावे? विशेषतः पुण्यात का व्हावे? कारण याच पुण्यात, आपण रोज ज्या पेठांतून कामाला जातो त्या पेठांत, एकेकाळी अशी एक शाळा होती की जिच्यातल्या एका मुलीला किती गुण मिळाले हे आज कोणालाही ठाऊक नाही, पण तिने लिहिलेला निबंध पावणेदोनशे वर्षे होत आली तरी जिवंत आहे. त्या शाळेची आणि त्या मुलीची गोष्ट या आठवड्यात सर्व कुटुंबाने एकत्र बसून वाचावी अशी आमची इच्छा आहे.

लोकांच्या पैशावर चाललेली शाळा

क्रांतिबा जोतीराव फुले आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई यांनी १८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. तो वाडा आता उभा नाही. २०२३ च्या डिसेंबरात महापालिकेने राष्ट्रीय स्मारकासाठी ती जागा ताब्यात घेतली आणि जुनी इमारत पाडली. दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत लाखो लोक उभे राहतात. रस्त्याच्या पलीकडे देशातल्या स्त्रीशिक्षणाचे जन्मस्थान आहे, याची त्यांतल्या किती जणांना दखल असते, कोण जाणे.

पण एकच शाळा काढून हे दांपत्य थांबले नाही. १८५१ च्या जुलैत बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात, त्याच वर्षी रास्ता पेठेत आणि १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, मुलींच्या शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलामुलींसाठी निराळ्या शाळा निघाल्या आणि त्या चालविण्यासाठी १८५३ मध्ये एक मंडळीही स्थापन झाली.

या शाळा सरकारच्या नव्हत्या. मिशनच्याही नव्हत्या. अहमदनगरला मिस फॅरार या अमेरिकन मिशनरी बाईंची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना स्फूर्ती झाली हे खरे, पण त्यांनी स्वतःची शाळा स्वतःच्या बळावर उभी केली. कोणी वाड्यातली जागा दिली, कोणी वर्गणी दिली, कोणी बिनपगारी शिकविले. सदाशिवराव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे, केशव शिवराम भवाळकर ही सगळी मंडळी जन्माने ब्राह्मण, आणि ती जोतीरावांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. हे आम्ही मुद्दाम लिहितो. आपले भांडण ब्राह्मण्याशी आहे, माणसाशी नाही, हे क्रांतिबांनी कृतीने दाखवून दिले. आणि दुसरीकडे लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार हे वस्तीवस्तीत फिरून, आईबापांची समजूत घालून मुले शाळेत आणत होते. शाळा काढणे एकवेळ सोपे; उपाशी घरातून पोर उचलून शाळेत बसविणे किती अवघड, हे आपल्या बालवाडीच्या ताईंना विचारावे.

पुढे या शाळांना सरकारच्या दक्षिणा फंडातून मदत मिळू लागली. हा दक्षिणा फंड म्हणजे काय? पेशवाईत दरवर्षी श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. हजारो रुपयांचे हे दान एका जातीच्या पदरात पडे. इंग्रजी अमलात त्यातलाच काही पैसा विद्येच्या कामाकडे वळविण्यात आला. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांच्या मुलींच्या पाटी-पुस्तकांना पेशव्यांच्या दक्षिणेतला पैसा लागला! इतिहासात असे काव्यगत न्याय फार थोडे सापडतात.

परीक्षा म्हणजे जत्रा

आजची परीक्षा आपण ओळखतो. बंद खोली, बैठक क्रमांक, तीन तास, भरारी पथक. फुल्यांच्या शाळांची परीक्षा वेगळी होती. ती चारचौघांत होई. शहरातले विद्वान, सरकारी अधिकारी, मिशनरी, पेठेतले रहिवासी, मुलांचे आईबाप सगळे जमत आणि त्यांच्यासमोर मुलींना वाचायला, गणित सोडवायला, भूगोलाच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला लावत. १८५३ च्या फेब्रुवारीत पुणे कॉलेजच्या आवारात अशी परीक्षा झाली. त्या वेळी मुलींच्या तीन शाळांत मिळून २३७ मुली होत्या, आणि परीक्षा पाहायला लोटलेली गर्दी तीन हजारांच्या घरातली होती असे त्या काळच्या वृत्तांतावरून समजते.

तीन हजार माणसे! ज्या शहरात मुलगी शिकली की नवरा मरतो असे सांगत, ज्या शहरात सावित्रीमाई रस्त्याने चालल्या की त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल पडत होता, त्याच शहरातली तीन हजार माणसे मुली काय शिकल्या हे पाहायला आली. त्यांतले पुष्कळ जण हसायलाच आले असतील. पण आले. आणि मुलींनी धीटपणे उत्तरे दिली.

याच्या तीनच महिने आधी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन जाहीर सत्कार केला. सत्काराची जागा विश्रामबागवाडा. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाने स्वतःच्या ऐषआरामासाठी बांधला होता. शाल देणारे होते मेजर थॉमस कँडी. हे कँडीसाहेब म्हणजे मोल्सवर्थच्या प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले एक प्रमुख सहकारी, आणि मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह कुठे द्यावे याचे पुस्तक १८५० मध्ये लिहिणारे गृहस्थ. आमची लेकरे आज पेपरात जे प्रश्नचिन्ह काढतात त्याच्या प्रसाराशी या साहेबांचा संबंध आहे.

आता त्या परीक्षेच्या वेळची एक गोष्ट सांगतात. परीक्षा संपली, मुलींना बक्षिसे वाटण्याची वेळ आली. खेळणी होती, खाऊ होता. तेव्हा एक मुलगी उभी राहिली आणि साहेबांना म्हणाली की आम्हांला बक्षिसात हे काही नको, आमच्या शाळेला वाचनालय द्या. ही मुलगी म्हणजे मुक्ता साळवे, असे आपल्या चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ती मुक्ताच असो की तिच्या शेजारी बसलेली दुसरी कोणी, आमच्या मते गोष्टीचे वजन तेवढेच राहते. पोटात भूक असणाऱ्या मुलीने समोरचा खाऊ बाजूला सारून पुस्तके मागितली. आणि तीही स्वतःच्या घरासाठी मागितली नाहीत, सगळ्या शाळेसाठी मागितली.

मुक्ताने काय लिहिले?

मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी, लहुजी वस्तादांच्या घराण्यातली. फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेली, अजून पंधरा वर्षांचीही न झालेली. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. 'ज्ञानोदय' या मराठी नियतकालिकाने तो १८५५ मध्ये दोन हप्त्यांत छापला, पहिला १५ फेब्रुवारीच्या अंकात आणि दुसरा १ मार्चच्या अंकात. दलित स्त्रीने लिहून छापून आलेले आज हाती असलेले हे पहिले लिखाण. त्या आधी आपल्या आयाबहिणींनी ओव्या रचल्या असतील, जात्यावर दुःख सांगितले असेल. कागदावर उतरून छापखान्यात गेले ते मुक्ताचे.

शाळेत आपल्या मुलांना निबंधाला विषय येतात. माझा आवडता पक्षी, पावसाळ्यातील एक दिवस, मी पंतप्रधान झालो तर. मुक्ताचा विषय तिचे स्वतःचे जगणे होता. तिचा पहिलाच प्रश्न थेट धर्माला आहे. वेद आमचेच, दुसऱ्या कोणी पाहूही नयेत असे ब्राह्मण म्हणतात, तर मग ज्यांना तो ग्रंथ बघण्याचीही बंदी, ते आम्ही धर्माशिवायचे लोक ठरलो, नाही का? असा तिचा बिनतोड हिशेब आहे. आमचा धर्म कोणता तो आम्हांला कळू दे, आणि ज्या धर्मात एकानेच सुख भोगायचे व बाकीच्यांनी नुसते बघत राहायचे तो धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, असे ती लिहिते. लक्षात घ्या, हे १८५५ साल आहे. बाबासाहेबांचा जन्म व्हायला अजून छत्तीस वर्षे आहेत. आमचा धर्म कोणता, या तिच्या प्रश्नाला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर उत्तर मिळाले. मधे एकशे एक वर्षे गेली.

काही वाचक म्हणतील की मुक्ता तर निबंधात ईश्वराला हाका मारते, आपण बौद्धांनी ते का वाचावे? आमचे म्हणणे असे की, तिच्यापुढे तेव्हा दुसरी भाषाच नव्हती. बुद्धाचे नाव पुण्याच्या पेठांतून पुसले गेलेले होते. ती देवाशी बोलते, पण हात जोडून बोलत नाही, जाब विचारते. इंग्रज सरकारचे ती गुण गाते तेही असेच समजून घ्यावे. पेशवाईत आणि इंग्रजी अमलात तिच्या घरच्यांना काय फरक पडला, याचा ती रोकडा हिशेब मांडते. आता आमचे बळी घेणे थांबले, चांगले लुगडे-धोतर नेसले म्हणून कोणी मारीत नाही, बाजारात जाता येते. बाजारात जाता येते, एवढ्यासाठी एका मुलीला राज्याचे आभार मानावेसे वाटावेत, म्हणजे आधी काय परिस्थिती असेल!

ती परिस्थितीही तिने लिहिली आहे. मोठमोठ्या इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरीत असत, हे ती लिहिते. बाजीरावाच्या राज्यात एखादा मांग किंवा महार तालीमखान्यासमोरून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, हे ती लिहिते.

गुलटेकडी! आज तिथे मार्केट यार्ड आहे. आपले किती बांधव तिथे पाठीवर पोती वाहतात, किती भगिनी कांदे-बटाटे निवडतात, पहाटे चारला टेम्पो उतरवतात. ज्या जमिनीवर आपण रोज घाम गाळतो त्या जमिनीची ही आठवण एका शाळकरी मुलीने लिहून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत पोचली. तिच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिले असेल किंवा त्यांच्या वडिलांकडून ऐकले असेल. बाजीरावाचे राज्य १८१८ मध्ये बुडाले. मुक्ता लिहीत होती तेव्हा त्याला चाळीस वर्षेही झाली नव्हती. घरातल्या माणसांकडून ऐकायचे, शाळेत अक्षर शिकायचे आणि दोन्ही जोडून लिहायचे, हे तिने केले.

आणि बाईच्या दुःखाची जी जागा आहे ती वाचताना आमच्या घरातल्या भगिनींचे डोळे भरले. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसते, पावसाने आणि थंडीने त्यांना काय यातना होत असतील हे स्वतःच्या अनुभवावरून विचार करून पाहा, असे ती सांगते. बाळंतपणात एखादा रोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठला, असे विचारते. ज्या वयात मुलींना या गोष्टी बोलायची लाज वाटावी असे शिकविले जाते, त्या वयात ती हे चारचौघांसमोर मांडते. सावित्रीमाईंच्या वर्गात बसलेल्या मुलीला लाज कशाची वाटावी आणि कशाची वाटू नये हे नीट कळले होते.

ही ओळ आपल्यासाठी

निबंधात एक जागा अशी आहे की जिच्याबद्दल आपल्या सभांमधून फारसे कोणी बोलत नाही. आम्ही ती टाळणार नाही.

मुक्ता ब्राह्मणांना जाब विचारून थांबत नाही. ती म्हणते की महारांनीही ब्राह्मणांचाच कित्ता गिरविला आहे. तेही स्वतःला मांगांपेक्षा उच्च समजतात, मांगाच्या सावलीचा त्यांनाही विटाळ होतो. निबंधाच्या नावात मांग आणि महार दोघांचेही दुःख आहे, आणि आत मात्र दुखावलेल्या मुलीने शेजारच्या वस्तीलाही सोडलेले नाही.

आपण १९५६ मध्ये महारकी सोडली, बुद्धाचा समतेचा मार्ग धरला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मग प्रश्न असा की, आपल्या विहाराच्या मागच्या बोळात राहणाऱ्या मातंग कुटुंबातली मुलगी आपल्या गुणगौरव समारंभाच्या यादीत असते का? बहुतेक ठिकाणी नसते. त्यांचे मंडळ वेगळे, आपले वेगळे. त्यांची १ ऑगस्टची अण्णा भाऊंची जयंती वेगळी, आपली १४ एप्रिल वेगळी. सोयरीक तर दूरच राहिली. 'त्यांनी दीक्षा घेतली नाही' असे आपण सहज बोलून जातो. मुक्ता ज्या शाळेत शिकली तिथे महाराची आणि मांगाची मुले एका पट्टीवर बसत होती. हे लिहिताना आम्हांला बरे वाटत नाही. पण एका मुलीने १८५५ साली आपल्या पूर्वजांना विचारलेला प्रश्न आपण तिच्या जयजयकारात बुडवून टाकला तर तो तिचा अपमान होईल.

लिहिणारी शाळा

असा निबंध एखाद्या मुलीच्या हातून आपोआप उतरत नाही. त्यामागे शाळेतले वातावरण असते. बघा, १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. १८५५ मध्ये मुक्ताचा निबंध आला. त्याच १८५५ मध्ये जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले, आणि त्यात भटजीने लुबाडलेले शेतकरी जोडपे शेवटी शिकायला निघते. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले ही गोष्ट वेगळी. दोन वर्षांत बाई कविता लिहितात, गुरुजी नाटक लिहितात आणि विद्यार्थिनी निबंध लिहिते! ज्या शाळेतले शिकविणारेच लिहितात, तिथल्या मुलींना लिहिणे ही परीक्षेपुरती गोष्ट वाटत नाही. १८५५ मध्येच या दांपत्याने कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर राबणारे स्त्री-पुरुष संध्याकाळी पाटी घेऊन बसत.

आणि शरीराचे शिक्षण? ते लहुजी वस्तादांच्या तालमीत होते. दांडपट्टा, मल्लविद्या, नेमबाजी. जोतीराव स्वतः त्यांच्या हाताखाली तयार झालेले. गंज पेठेतल्या तालमीतले पैलवान आणि शाळेतल्या पाट्या यांचे नाते होते. शाळेला धमकावणाऱ्यांना लहुजींची माणसे दिसली की त्यांचे पाय आपोआप मागे वळत असणार, असे आम्हांला वाटते.

१८५७ च्या उठावानंतर युरोपियन देणगीदारांनी हात आखडता घेतला आणि या शाळांचे हाल सुरू झाले. मुक्ताचेही दुसरे लिखाण नंतर कुठे छापलेले आढळत नाही. जोतीरावांनी मात्र विषय सोडला नाही. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन त्यांनी सरकारला बजावले की शेतकऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या पैशावर वरच्या वर्गाला कॉलेजे काढून देता, आधी खालच्या थरातल्या मुलांना प्राथमिक शिक्षण द्या. या जोतीरावांना बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्या पंक्तीला बसवून आपले गुरू मानले, हे वेगळे सांगायला नको.

एका सत्कारातले एक पुस्तक

गुणगौरवाचा विषय निघालाच आहे तर आणखी एका समारंभाची आठवण करून दिली पाहिजे. १९०७ मध्ये बाबासाहेब मॅट्रिकची परीक्षा पास झाले. मुंबईत परळच्या चाळीत राहणाऱ्या सुभेदार रामजींचा मुलगा मॅट्रिक झाला, म्हणून त्याचा जाहीर सत्कार झाला. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी भीमरावाला एक भेट दिली. ट्रॉफी दिली नाही, शालही दिली नाही. स्वतः लिहिलेले भगवान बुद्धाचे चरित्र त्याच्या हातात ठेवले.

बाबासाहेबांना मॅट्रिकला किती गुण मिळाले होते हे सांगू शकणारे आपल्यात थोडेच निघतील. ते गुण काही फार मोठे नव्हतेही. पण त्या पुस्तकाने बुद्धाची पहिली ओळख करून दिली असे बाबासाहेबांनीच नंतर सांगितले आहे. केळुसकर गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. जो समाज मांडवावर, साउंड सिस्टिमवर आणि फ्लेक्सवर हजारो रुपये खर्च करतो, त्या समाजाला मुलामागे एक पुस्तक परवडत नाही असे म्हणता येईल का? ट्रॉफी दोन वर्षांत काळी पडते आणि माळ्यावर जाते. आमच्या घरात तीन आहेत, तिन्ही माळ्यावरच आहेत.

यंदाच्या मांडवासाठी

म्हणून यंदा वस्तीतल्या मंडळांनी आणि महिला मंडळांनी काही साध्या गोष्टी करून पाहाव्यात असे आम्ही सुचवितो. सत्काराच्या महिनाभर आधी वस्तीतल्या पाचवी ते बारावीच्या सर्व मुलांना, बौद्ध असोत, मातंग असोत, मुस्लिम असोत की आणखी कोणी, निबंधाला विषय द्यावा. विषय त्यांच्या घरातला असावा. 'माझी आई कामाला जाते तेव्हा', 'आमच्या नळाला पाणी येते तेव्हा', 'आजोबा गावाहून पुण्याला आले ती गोष्ट'. वळण आणि शुद्धलेखन यांसाठी गुण कापू नयेत; ते काम शाळा करते. चांगल्या चार निबंधांचे वाचन त्या मुलांनीच व्यासपीठावरून करावे आणि तेवढा वेळ पाहुण्यांच्या भाषणातून कापावा. पाहुणे रागावले तर रागावू द्यावेत.

विहारात एक कपाट असते. पुष्कळ ठिकाणी त्यात सतरंज्या, जुने बॅनर आणि मिरवणुकीच्या निळ्या टोप्या भरलेल्या असतात. त्यातला एक खण मुलांच्या पुस्तकांसाठी रिकामा करावा. एका खोलीत सहा माणसे राहतात तिथे मुलाने अभ्यास कुठे करायचा? संध्याकाळी सात ते नऊ विहाराचे दार उघडे ठेवावे, दिव्याचे बिल मंडळाने भरावे, आणि एक ताई किंवा दादा तिथे नुसता बसून राहावा. शिकविलेच पाहिजे असे नाही. वस्तीतल्या ज्या मुलाने कॉलेज सोडून रिक्षा धरली, तोही दोन तास बसू शकतो. कदाचित पुस्तक उघडून तोच पुन्हा वाचायला लागेल. मोबाइलवर सगळे मिळते असे मुले सांगतात. मिळत असेलही. पण मोबाइल घरात एक, तो बापाबरोबर कामावर जातो आणि रात्री दहाला परत येतो, हेही आपण जाणतो.

आणि एखाद्या रविवारी पोरांना घेऊन पायी निघावे. सकाळी भिडेवाड्याच्या जागेपाशी जमावे. तिथून विश्रामबागवाडा जवळच आहे, त्याचा लाकडी सज्जा पाहून घ्यावा. मग गंज पेठेतल्या फुलेवाड्यात, समताभूमीवर जावे. १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद मुलांना दाखवावा. दुपारी डबे तिथेच आसपास सोडावेत. मग स्वारगेटवरून गुलटेकडी. लहान मुले दमली असतील तर बस करावी. मार्केट यार्डात आपल्यापैकी कोणी ना कोणी कामाला असतोच. त्याच्याकडून पाण्याची सोय करून घ्यावी आणि एखाद्या झाडाखाली बसून मुक्ताचा निबंध मोठ्याने वाचावा. सगळा वाचायला फार तर पाव तास लागतो. वाचणारी मुलगी आधी ठरवून ठेवावी. तिचे टक्के विचारू नयेत, तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो की नाही एवढे पाहावे.